आंबटाचं माप

फेब्रुवारीत पहाटे तीन वाजता दिंडोरीकडच्या बागेत उभं राहिलं की थंडी चपलेच्या तळव्यातून वर येते. तोडणीच्या बायका कपाळावर दिवे बांधून ओळीओळीनं पुढे सरकतात. कात्र्यांची कटकट सोडली तर फारसा आवाज नसतो. क्रेटमध्ये पडणारे घड हाताला फ्रिजमधून काढल्यासारखे गार लागतात. पांढऱ्या वाइनची द्राक्षं अशी रात्रीच तोडावीत. ऊन चढलं की मणी तापतात, क्रेटच्या तळाशी फुटलेल्या मण्यांचा रस आंबायला लागतो आणि जो वास बाटलीत उतरायला हवा तो शेतातच उडून जातो. सकाळी आठच्या आत ट्रॅक्टर वायनरीत पोचलेला बरा.

बागेचे मालक अण्णा माळकरी. आषाढीला पायी पंढरपूरला जातात. मासा त्यांनी आयुष्यात तोंडात घातलेला नाही आणि स्वतःच्या द्राक्षांची वाइनही कधी चाखलेली नाही. पण मणी दाताखाली फोडून, साल चघळून, बी बोटावर घेऊन तिचा रंग बघत ते जे सांगतात ते माझ्या यंत्रांशी क्वचितच चुकतं. "ताई, बी तपकिरी झाली. पण आंबट अजून उभं आहे," असं ते पहिल्याच हंगामात म्हणाले होते. मी ते शब्द प्रयोगशाळेच्या वहीत तसेच उतरवून ठेवले. त्या दिवशीच्या आकड्यांशेजारी ते अजून आहेत.

मी मालवणची. रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि नाशिकजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळेचं काम मिळालं. आमच्याकडे तोवर द्राक्ष म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. नाशिकला आल्यावर कळलं की ही वेल इथे वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक मात्र एकदाच घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. इथे तिला झोप नाही, म्हणून कात्रीनं तिचं वर्ष ठरवावं लागतं. गोडी छाटणी अशी धरतात की मणी भरतील ते डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत. रात्री गार असल्या तरच द्राक्षातलं आंबट टिकतं. रात्री उबदार झाल्या की मॅलिक आम्ल जळून जातं आणि हातात उरतं नुसतं गोड पाणी.

माझं काम म्हणजे हे आंबट मोजायचं. बागेतून शंभरेक मणी वेगवेगळ्या घडांतून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी तोडून आणायचे, पिशवीतच चुरगळायचे, रस गाळायचा. मग रिफ्रॅक्टोमीटरवर साखर, पीएच मीटरवर पीएच, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत एकूण आम्ल. चांगल्या पांढऱ्या वाइनचा पीएच साधारण 3.1 ते 3.4 च्या मध्ये, आणि आम्ल लिटरला 6 ते 7 ग्रॅम. बरीच वर्षं हे आकडे माझ्यासाठी आकडेच होते. ते जिभेपर्यंत पोचले नव्हते.

द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक. चिंचेतलंही तेच. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ कळला तो एका टाकीत वाकून बघताना. पांढरी वाइन बाटलीत भरायच्या आधी टाकी शून्याच्या खाली चारेक अंशांवर काही दिवस ठेवतात, म्हणजे जादा टार्टारिक पोटॅशियमशी जोडलं जाऊन खाली बसतं. टाकी रिकामी केल्यावर भिंतीला आतून खडीसाखरेसारखे स्फटिक चिकटलेले दिसतात. मी एक खडा जिभेवर ठेवला. चिंचेचा कोळ करून हात धुवायच्या आधी बोट चाटावं, तशी चव. मालवणच्या आमच्या घरात चिंच कमी, कोकम जास्त, पण त्या क्षणी मला आजोळचा चुलीजवळचा चिंचेचा गोळा आठवला. शेकडो किलोमीटर लांब येऊन मी ज्यावर पगार घेत होते, ते आईच्या डब्यातच होतं.

शनिवार-रविवारी वायनरीत पाहुणे येतात. मनुष्यबळ कमी, म्हणून प्रयोगशाळेतल्या आम्हा दोघींना टेस्टिंग रूममध्ये उभं करायचे. पाच पेले, पाच वाइन, प्रत्येकीबद्दल चार वाक्यं. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न होता, "घरी मासे असले तर कुठली घ्यायची?" मी सांगायचे, "व्हाइट." पुस्तकात तेच होतं. कुठला मासा, कसा केलेला, त्यात काय घातलेलं, हे मी विचारत नव्हते आणि समोरचेही सांगत नव्हते.

एकदा रात्रीच्या जेवणाचा कार्यक्रम ठरला. तीसेक माणसं, पाच पदार्थ, पाच वाइन. मालवणी मुलगी म्हणून माशाच्या पदार्थाबरोबरची जोडी माझ्याकडे आली. मी बांगड्याचा तिखला निवडला. तिरफळं, सोलं, लाल मिरचीचं घट्ट वाटण, वर थोडं खोबरेल. आणि विचार केला, जेवण जोरकस तर वाइनही जोरकस हवी. ओकच्या पिंपात ठेवलेली शार्डने दिली. पांढरी होती, महागही होती.

पहिल्या घासानंतरच टेबलं गप्प झाली. मी स्वतः चाखलं तेव्हा कारण कळलं. तिखल्यातलं आंबट वाइनपेक्षा कितीतरी वरचढ, त्यामुळे वाइन पाणचट झाली. तिच्यातलं फळ गेलं आणि पिंपाचं लाकूड तेवढं उरलं, कडसर. अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या आसपास होतं. मिरचीवर अल्कोहोल पडलं की आग भडकते, तशी ती घशात भडकली. लोकांनी पेले बाजूला सारले आणि पाणी मागवलं. जाताना एका वयस्क बाईंनी माझा हात धरून अगदी मायेनं विचारलं, "तुम्ही घरी हे असंच खाता का?"

मी हो म्हणाले. खरं तर मी घरी मासे खायचे आणि वाइन कामावर चाखून थुंकायचे. दोन्ही एका ताटावर कधी आलीच नव्हती. त्यांचा प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. येताना पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली, सोलांची बरणी, तिरफळांची पुरचुंडी आणि घरचा तिखटाचा डबा. नाशिकला मासा मुंबईहून बर्फात येतो. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन तिनं बांगड्याचे कल्ले उघडून पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि मालवणीत असं काही बोलली की कोळीणीनं खालच्या पाटीतले बांगडे काढून दिले. मला तिथे मासे घेताना इतकी वर्षं झाली होती. खालच्या पाटीपर्यंत मी कधी पोचले नव्हते.

त्या संध्याकाळचं जेवण साधं होतं. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या. मीठ, हळद, आगळ चोळून पंधरा मिनिटं बाजूला ठेवले. मग तिखट, रव्यात घोळवून तव्यावर. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि मुगाची पातळ आमटी. माझ्या फ्रिजच्या दारात प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या छोट्या बाटल्या असायच्या, झाकणावर मार्करनं टाकीचा नंबर. सात नंबरची म्हणजे अण्णांच्या बागेतली त्या वर्षीची सॉव्हिन्यों ब्लाँ. त्या भागातले शेतकरी तिला सरळ 'सॉविनॉन' म्हणतात. मी ती ओतली आणि बांगड्याबरोबर घोट घेतला.

तिखला आणि शार्डनेच्या रात्री जे जे मोडलं होतं, ते इथे जागेवर बसत गेलं. तळलेल्या रव्याचं तेल वाइन धुऊन नेत होती. मिठामुळे वाइनचं आंबट बोथट होऊन तिच्यातला पेरूचा, कच्च्या गवताचा वास वर आला. पुढच्या घासाला बांगडा पुन्हा पहिल्यासारखा लागला. मी आईला म्हटलं, थोडी चाख. तिनं चमचा पुढे केला. चमचाभर वाइन तोंडात घोळवून गिळली, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "ह्यां तर आगळासारख्यां लागता गो. पण वास बरो आसा."

दुसऱ्या दिवशी मी आगळाची बाटली प्रयोगशाळेत नेली. पीएच मीटरचा काटा मी तोवर मोजलेल्या कुठल्याही वाइनच्या बराच खाली जाऊन थांबला. अर्थात. कोकमातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक, आणि आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला अर्क. आईनं जे चमच्यावर ओळखलं, त्याची मी आकड्यांत नोंद केली. आमच्या ताटात आंबटाला एक ठरलेली जागा आहे. ती कधी आगळ भरतं, कधी सोलं, चिंच, कैरी, बिंबलं, कधी नुसती लिंबाची फोड. पांढरी वाइन आमच्या ताटात आली तर तिला त्याच जागेवर बसावं लागणार. आणि ती जागा आधीच भरलेली असली, तर ती बाहेर उभी राहणार. तिखल्याच्या रात्री तेच झालं होतं.

माशाला आंबट लावायचं कारण आईला विचारलं तर ती म्हणेल, उग्र वास जातो. रसायनात त्याचं उत्तर सरळ आहे. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो मुख्यत्वे याचाच. हा पदार्थ अल्कधर्मी, उडून जाणारा. त्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो आणि तो उडून नाकापर्यंत येत नाही. आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवण्यात हे सगळं घडतं. आंबट वाइनचा घोटही तोंडात थोड्या प्रमाणात हेच करतो. माशाबरोबर पांढरी, या नियमाचा एक पाय इथे आहे, तिच्या आंबटात. रंगाचा त्यात थेट संबंध नाही.

दुसरा पाय लोखंडात आहे. आई असतानाच एका रविवारी मी मुद्दाम शिराज उघडली, कारण रेड नको म्हणजे का नको, हे मला स्वतःला कळायला हवं होतं. तळलेल्या बांगड्याचा घास आणि वर शिराजचा घोट. काही क्षणांत तोंडात जे आलं, ते ओहोटीला उघड्या पडलेल्या होडीच्या गंजक्या खिळ्यांसारखं होतं. मर्सियन या जपानी वाइन कंपनीच्या संशोधकांनी 2009 मध्ये याचा छडा लावला. त्यांनी सुकवलेल्या स्कॅलप शिंपल्यांबरोबर अनेक वाइन चाखून पाहिल्या, आणि ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर माशाचा उग्र मागमूस जास्त, असं त्यांना आढळलं. माशाच्या तेलातल्या मेदाम्लांवर लोह काम करतं आणि नको तो वास सुटतो. रेडमध्ये लोह सहसा जास्त असतं, म्हणून ती बदनाम झाली. लोह कमी असलेली रेड माशाला तितकी छळत नाही. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे, म्हणून ते याबाबतीत सर्वांत कडक परीक्षक. पापलेटबरोबर मी शिराज पुन्हा घेऊन पाहिली, तेव्हा ती निदान गिळता आली.

आई राहिली त्या दोन महिन्यांत आम्ही दोघींनी जेवढं चाखलं तेवढं मी त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून चाखलं नव्हतं. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. सोमवार-गुरुवारी आई खात नाही, शनिवारीही टाळते. मी दर वेळी सात-आठ ओळी वहीत लिहायचे. सगळं इथे सांगत नाही, पण काही गोष्टी माझ्यापुरत्या पक्क्या झाल्या.

तळलेले मासे, विशेषतः मांदेली आणि ओले बोंबील, यांना कोरडी सॉव्हिन्यों ब्लाँ. किंवा बुडबुड्यांची स्पार्कलिंग, कारण तेलावर बुडबुडे फार छान काम करतात. या ताटावर लिंबाची फोड ठेवू नये, ती वाइनच्या वाट्याची आहे. हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

तिखल्यासाठी मला बरीच वाट पाहावी लागली. त्यातली तिरफळं ही संत्र्या-लिंबाच्या कुळातली. वाळलेलं तिरफळ चुरगळून हुंगलं की संत्र्याच्या सालीचा वास येतो आणि जिभेवर मुंग्या येतात. त्या वासाला सॉव्हिन्यों ब्लाँ जवळची वाटते, पण मिरची तिला टिकू देत नाही. शेवटी चाललं ते किंचित गोड शेनिन ब्लाँ. लवारच्या खोऱ्यातली ही जात नाशिकच्या मातीत मनापासून रुजली आहे. तिच्यात थोडी साखर उरू दिली आणि अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास राखलं, तर मिरचीची आग साखर शमवते आणि आंबटाला आंबटाशी भांडावं लागत नाही. मात्र सोलं थोडी कमीच हवीत. आई ते त्या वर्षी मानायला तयार नव्हती. "सोलां कमी घातलंय तर तो तिखलो कसलो?" हा तिचा सवाल, आणि मला तो मान्य होता. तिखला वाइनसाठी बदलायला मी तरी कोण?

नारळाच्या दुधातली कालवणं सर्वांत सोपी निघाली. सुरमईच्या कालवणात खोबऱ्याचं वाटण जास्त आणि आंबट बेतानं असेल, तर शेनिनच काय, जर्दाळूच्या वासाची व्हिओनिएसुद्धा चालते. पिंपातली शार्डने मी या कालवणाला पुन्हा एकदा लावून पाहिली. खोबरं आणि ओक यांचं जमलं. तीच वाइन, तिखल्याच्या रात्री पाणचट ठरलेली.

आणि सोलकढी. पाहुणे हौसेनं म्हणतात की सोलकढीही हवी आणि वाइनही. माझं मत स्पष्ट आहे की एकच घ्यावं. आगळ, नारळाचं दूध, लसूण, मिरची असं सगळं एका वाटीत आल्यावर दुसऱ्या आंबटाला तिथे कामच उरत नाही. ज्या दिवशी घरची ताजी सोलकढी असेल त्या दिवशी बाटली उघडू नये. वाइनच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईनं हे सांगणं वरिष्ठांना रुचत नसे, पण मी सांगत आले.

गारपणाबद्दलही एक गोष्ट. घरच्या फ्रिजमध्ये चारेक अंश असतात. तिथून थेट काढलेली वाइन नुसती गार आणि आंबट लागते, वास झोपलेला. जेवण वाढायला घेताना बाहेर काढून ठेवली तर पहिल्या घासापर्यंत ती आठ-दहा अंशांवर येते. हे मला शिकवावं लागलं ते टेस्टिंग रूममधल्या आमच्याच मुलांना.

आई परत गेल्यावर टेस्टिंग रूममध्ये मी प्रश्न बदलला. कुणी विचारलं, "मासे आहेत, कुठली घेऊ?" तर मी विचारायला लागले, "आंबट काय घालता?" लोक आधी चमकतात, मग बोलायला लागतात. वर्सोव्याच्या एका कोळी बाईंनी चिंच किती भिजवायची इथपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला, कारण ते माप त्यांच्या सासूचं होतं. गोव्याच्या एका जोडप्याच्या रेशादमध्ये ताडीचं व्हिनेगर. व्हिनेगर वाइनला सर्वांत अवघड, तिथे मी त्यांना मनापासून बिअर सुचवली. पालघरकडच्या एका काकांनी पापलेटच्या भुजण्याचं वर्णन केलं. कांदा, लसूण, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, पाणी जवळजवळ नाही. मी त्यांच्या हातात सॉव्हिन्यों ब्लाँ दिली. तिच्यात पायराझिन नावाचे घटक असतात, ढोबळी मिरचीला तिचा हिरवा वास देणारे. हिरव्याला हिरवं भेटतं तिथे. काकांनी पुढच्या महिन्यात येऊन सहा बाटल्या नेल्या.

या बोलण्यांतून मला माझ्या मूळ कामाकडे परत जाता आलं. आंबट मोजणं आता आकड्यापुरतं उरलं नव्हतं. बागेत मणी चाखताना मला ताट दिसायला लागलं.

त्यानंतरच्या एका हंगामात अण्णांच्या सॉविनॉनची तोडणी कधी करायची यावर वाद झाला. साखर अजून थोडी चढू द्यावी, फळ आणखी पिकेल, असं वायनरीतल्या बहुतेकांचं म्हणणं होतं. दुपारचं ऊन अचानक वाढलं होतं आणि माझ्या वहीत आम्ल रोज थोडं थोडं उतरत होतं. मी तीन दिवस आधी तोडायचा आग्रह धरला. साखर थोडी कमी पडली तरी चालेल, आंबट गेलं तर बाहेरून टार्टारिक घालून ते आणावं लागेल, आणि बाहेरून घातलेलं आंबट जिभेला वेगळं कळतं. कामकाजात ते चालतं, उष्ण देशांत सगळेच करतात. पण माझ्या डोळ्यांपुढे आईचा तवा होता, रव्यात घोळवलेली मांदेली. त्यासाठी मला उभं असलेलं आंबट हवं होतं.

प्रमुखांनी मला अण्णांना विचारून यायला सांगितलं. संध्याकाळी बागेत गेले. त्यांनी तीन ओळींतले तीन मणी खाल्ले, तिन्ही वेळा बी हातावर घेऊन पाहिली. "परवा रात्री धरा," म्हणाले. "चार दिवसांनी हे बसून जाईल." वजन थोडं कमी भरेल, त्यांचं नुकसान होईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. परवा रात्री दोन वाजता आम्ही दोघं पहिल्या ओळीच्या टोकाला उभे होतो.

रस चौदा-पंधरा अंशांवर हळूहळू आंबवला, थंड केला, मे महिन्यात बाटल्या भरल्या. त्याच आठवड्यात आईचा फोन आला. तिकडे रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, लगबग चालू होती. रातांबे फोडून सालं उन्हात घालायची, त्यांना रसाची पुटं द्यायची, पाऊस यायच्या आत सोलं वाळवून बरणीत भरायची, उरलेल्या रसात मीठ घालून आगळ. इकडे मी बाटल्यांची झाकणं तपासत होते, तिकडे ती बरण्यांना फडकी बांधत होती. दोन्हीकडे पावसाच्या आत उरकायची घाई.

वाइन तयार, पण मासा नाही. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद. बंदी उठते तोवर श्रावणाची चाहूल, आणि आमच्या घरी श्रावणात मासा नाही. नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडतात तेव्हाही आईचा तवा शाकाहारीच असतो. मग गणपती. म्हणजे मे महिन्यात भरलेली ती बाटली माशाला भेटणार गणपती गेल्यावर. मधल्या काळात तिच्यातला सुरुवातीचा बोचरेपणा बसला आणि वास मोकळा झाला. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण दर वर्षी तसंच होतं, आणि मला त्या चार महिन्यांचं आता फार अप्रूप वाटतं.

त्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळून दोन बाटल्या होत्या. सात दिवसांचा आमचा गणपती. विसर्जनानंतर दोन दिवसांनी शेजारच्या काकी दारात पाटी घेऊन आल्या, आत बांगडे, पाठीवरचे हिरवे-निळे पट्टे अजून चमकत होते. आईनं काही तळायला घेतले आणि काहींचा तिखला करायला घेतला. वाटण परतलं, तिरफळं ठेचून टाकली. कट्ट्यावर वाटीत पाच सोलं काढून ठेवली होती.

मी बाटली उघडली. पेला तिच्यासमोर ठेवला. चमचा न घेता तिनं पेलाच उचलला, एक घोट घेतला, डोळे मिटून थोडा वेळ तोंडात धरला. तव्यावर रवा चुरचुरत होता.

"ह्यां आसा मा आंबट," ती म्हणाली, आणि पाचातली दोन सोलं परत बरणीत टाकली.